शाल, श्रीफळ आणि विद्वत्सभा

दिवाळीची सुटी संपून महाविद्यालयांचे दुसरे सत्र सुरू झाले की महाराष्ट्रात परिषदांचा आणि चर्चासत्रांचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरच्या अखेरीस अखिल भारतीय पातळीवरील विद्वत्संघटनांची अधिवेशने भरतात. त्यांच्या मागेपुढे प्रादेशिक आणि जिल्हा पातळीवरील परिषदा पार पडतात. या परिषदांचे बाह्य रूप आता इतके ठरून गेले आहे की एकीचे वर्णन दुसरीला सहज लागू पडावे. उद्घाटनाची वेळ दहाची असते. प्रमुख पाहुणे साडेअकराला येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह हा क्रम पुरा होईतो भोजनाची वेळ होते. पुरस्कारांचे वितरण याच गर्दीत उरकले जाते. नाव पुकारले जाते, छायाचित्र निघते, टाळ्या होतात. पुरस्कार मिळालेल्या व्यक्तीने नेमके कोणते काम केले, त्याने विषयात कोणती भर पडली, यांपैकी काहीही सभागृहाला कळत नाही.

दुपारी समांतर सत्रे होतात. एका तासात दहा-बारा निबंध उरकायचे असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. वर्षभर खपून, गावोगाव हिंडून आकडे गोळा केलेल्या एखाद्या तरुण अध्यापिकेने आपला पहिला तक्ता समजावून सांगायला घ्यावा आणि सत्राध्यक्षांनी घंटा वाजवावी, हे दृश्य परिषदांना जाणाऱ्या कोणाही अध्यापकाच्या परिचयाचे आहे. सकाळी सत्काराला दीड तास मिळतो आणि ज्या कामातून उद्याचा सत्कार योग्य माणूस निर्माण व्हायचा, त्या कामाला पाच मिनिटे मिळतात. विद्वत्सभांच्या दुखण्याचे मूळ या वेळापत्रकात आहे.

गौरव कशासाठी?

यावर एक सोपा उपाय अनेकदा सुचवला जातो. सत्कार, पुरस्कार, मानपत्रे हे सारे बंद करावे. विद्येच्या उपासकाला गौरवाची अपेक्षाच नसावी, असे सांगितले जाते. हा उपाय दिसायला कठोर असला तरी विचाराने उथळ आहे. अध्यापकाच्या कामाचा एक भाग असा असतो की त्याचा मोबदला वेतनात किंवा पदोन्नतीत मिळतो. तासिका घेणे, परीक्षा घेणे, पदवी मिळवणे, ग्रंथ प्रसिद्ध करणे ही ती कामे होत. परंतु विद्याव्यवहार ज्या कामांवर उभा असतो त्यांतील बरीचशी कामे या हिशेबात बसत नाहीत. दुसऱ्याचा कच्चा मसुदा वाचून त्यातील चुका दाखवणे, नियतकालिकाकडे आलेल्या लेखाचे काटेकोर परीक्षण करणे, आडगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला हवा तो संदर्भ शोधून देणे, मराठीत परिभाषा घडवणे, संघटनेचे जमाखर्च आणि सभासदांच्या याद्या वर्षानुवर्षे नीट ठेवणे, या कामांना कोणी पैसे देत नाही आणि त्यांचे गुणही मिळत नाहीत.

अर्थशास्त्रात ज्यांना सार्वजनिक वस्तू म्हणतात, त्यांच्यासारखीच ही कामे आहेत. त्यांचा लाभ सर्वांना होतो, पण किंमत कोणाकडूनच वसूल करता येत नाही. त्यामुळे ती दुसऱ्या कोणी तरी करावीत अशी प्रत्येकाची इच्छा असते, आणि परिणामी ती पुरेशी होत नाहीत. बाजार ज्याची किंमत देत नाही आणि सरकारी नियम ज्याची नोंद घेत नाहीत, त्या श्रमाची परतफेड करण्याचे विद्वत्समाजाजवळ एकच साधन असते. ते साधन म्हणजे समव्यावसायिकांनी भर सभेत केलेला गौरव. पुरस्कार हे विद्वत्समाजाने आपल्या टांकसाळीत पाडलेले नाणे आहे. ते नाणे असावे की नसावे, हा वादाचा विषय होऊ शकत नाही. ते कोणत्या कामासाठी खर्चावे आणि त्याचा कस कसा टिकवावा, हाच खरा प्रश्न आहे.

नाण्याचा कस

हा कस गेल्या काही वर्षांत फार उतरला आहे, हे मान्य करावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये केलेल्या विनियमांनी अध्यापकाच्या कामगिरीचे मोजमाप गुणांकांत करण्याची पद्धत आणली. परिषदेत निबंध वाचला की गुण. राज्य पातळीवरील परिषदेपेक्षा राष्ट्रीय परिषदेला अधिक गुण. राष्ट्रीय परिषदेपेक्षा आंतरराष्ट्रीय परिषदेला त्याहून अधिक. २०१८ च्या विनियमांनी या पद्धतीत फेरफार केले. परंतु तोवर जी सवय लागायची ती लागून गेली होती. हेतू वाईट नव्हता. अध्यापकाने वर्गाच्या चार भिंतींबाहेर यावे, संशोधन करावे, ते इतरांपुढे मांडावे, ही अपेक्षा रास्तच होती. मात्र जे मोजले जाते त्याचाच पुरवठा वाढतो, हा साधा नियम येथेही लागू पडला. मोजले गेले ते प्रमाणपत्र. म्हणून प्रमाणपत्रे वाढली. निबंध कोणी ऐकला का, त्यावर कोणी प्रश्न विचारला का, हे मोजलेच गेले नाही. तालुक्याच्या गावी भरलेल्या चर्चासत्राच्या फलकावरही ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द झळकू लागला.

पुरस्कारांचेही तेच झाले. आदर्श अध्यापक, उत्कृष्ट संशोधक, जीवनगौरव अशी नावे धारण करणारे पुरस्कार आता नोंदणी शुल्क भरून मिळतात. एकाच समारंभात पन्नास-पन्नास जणांना ते वाटले जातात. चलनफुगवट्यात नोटा वाढतात आणि त्यांची क्रयशक्ती घटते, तशीच ही गत आहे. इतकेच असते तरी चालले असते. परंतु हलके नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावते, हा ग्रेशमचा सिद्धांत अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. विकतचे पुरस्कार वाढले की खरोखर पात्र असलेला अध्यापक संकोचाने दूर राहतो. आपले नाव त्या यादीत नको, असे त्याला वाटू लागते. मग समव्यावसायिकांच्या कौतुकाचे जे एकमेव नाणे या समाजाजवळ होते, तेही निरुपयोगी ठरते.

एका जुन्या संघटनेचा अनुभव

या प्रश्नाला जुन्या आणि संपन्न विद्वत्संघटनांनाही तोंड द्यावे लागले आहे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन ही संघटना १८८५ मध्ये स्थापन झाली. तिच्या पुरस्कारांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४७ मध्ये या संघटनेने दोन पदके सुरू केली. त्यांपैकी फ्रान्सिस वॉकर यांच्या नावाचे पदक दर पाच वर्षांनी, आयुष्यभराच्या कार्यासाठी दिले जाई. वेस्ली मिचेल हे त्याचे पहिले मानकरी. १९६९ पासून अर्थशास्त्रासाठी नोबेल स्मृती पारितोषिक दिले जाऊ लागले. वॉकर पदक १९७७ मध्ये सायमन कुझनेट्स यांना मिळाले, तेव्हा त्यांना नोबेल मिळून सहा वर्षे झाली होती. ज्याचा गौरव साऱ्या जगाने केला त्याला संघटनेने पुन्हा पदक देण्यात काय अर्थ, हा प्रश्न उघडच होता. १९७७ नंतर ते पदक दिले गेले नाही. एखादा पुरस्कार निरर्थक झाला की तो थांबवण्याचेही धैर्य लागते. आपल्याकडे पुरस्कार सुरू होतात, पण बंद झाल्याचे क्वचितच ऐकू येते.

दुसरे पदक जॉन बेट्स क्लार्क यांच्या नावाचे. ते अमेरिकेत काम करणाऱ्या, चाळिशीच्या आतील अर्थशास्त्रज्ञाला दिले जाते. पॉल सॅम्युएलसन, मिल्टन फ्रीडमन, केनेथ ॲरो ही नावे त्याच्या प्रारंभीच्या यादीत आहेत. या पदकाच्या इतिहासातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. १९५३ मध्ये ते कोणालाच दिले गेले नाही. मोकळी सोडलेली ती एक जागा उरलेल्या सर्व नावांची किंमत वाढवते. दुसरी गोष्ट मात्र अभिमानाची नाही. हे पदक पहिल्यांदा एका स्त्रीला, सुझन अथी यांना, मिळाले ते २००७ मध्ये. म्हणजे पदक सुरू झाल्यावर साठ वर्षांनी. पुरस्कार जसा मानकऱ्याविषयी काही सांगतो, तसाच तो देणाऱ्यांच्या नजरेविषयीही सांगतो. कोण दिसते आणि कोण दिसत नाही, याची ती जाहीर कबुलीच असते.

ही उणीव त्या संघटनेतील स्त्रियांनी फार पूर्वी बोलून दाखवली होती. डिसेंबर १९७१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला अधिवेशन भरले. जोन रॉबिन्सन यांनी अर्थशास्त्रीय सिद्धांतावरील दुसऱ्या अरिष्टाविषयी आपले गाजलेले व्याख्यान दिले ते याच अधिवेशनात. त्याच वेळी व्यवसायातील स्त्रियांच्या स्थानाचा प्रश्न संघटनेपुढे आला आणि त्यातून त्यासाठी एक कायम समिती उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा कॅरोलिन शॉ बेल या वेलस्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थिनींना अर्थशास्त्र शिकवीत. १९९८ पासून त्यांच्या नावाने एक पुरस्कार दिला जातो. स्वतःच्या कर्तृत्वाने आणि इतरांना हात देऊन या व्यवसायातील स्त्रियांची वाट ज्यांनी सुकर केली, त्यांच्यासाठी तो आहे. जे काम नोबेलची समिती कधी पाहणार नाही, ज्याला विद्यापीठ बढती देणार नाही, त्या कामाची ही दखल आहे. विद्वत्संघटनेने आपले नाणे कोठे खर्चावे, याचे उत्तर वॉकर पदकाच्या अस्तात आणि बेल पुरस्काराच्या उदयात मिळून सापडते. तारे जगाला दिसतातच. संघटनेने दिवे लावणाऱ्यांकडे पाहावे.

घरचा वारसा

परदेशाचे दाखले दिले की आपल्याकडे काहीच नव्हते असा समज होतो. तो खरा नाही. इंडियन इकॉनॉमिक असोसिएशन १९१७ ची, म्हणजे शतक ओलांडलेली. मुंबईत कार्यालय असलेली इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स १९३९ ची. या दुसऱ्या संस्थेच्या वार्षिक परिषदेची रीत अनुकरणीय आहे. चर्चेचे मोजके विषय बरेच आधी जाहीर होतात. आलेल्या निबंधांतून निवडलेले निबंध, काही पूर्ण तर काही सारांशाने, संस्थेच्या नियतकालिकाच्या परिषद विशेषांकात छापले जातात. प्रत्येक विषयासाठी नेमलेला वृत्तनिवेदक ते सर्व निबंध वाचतो, त्यांतील निष्कर्ष, मतभेद आणि न सुटलेले प्रश्न एकत्र मांडतो. सभागृहात चर्चा होते ती त्या प्रश्नांवर. घंटा वाजवून माणसाला गप्प करण्याची वेळ येत नाही, कारण त्याचे लेखन आधीच वाचले गेलेले असते. या संस्थेची पारितोषिकेही ग्रंथाला आणि लेखाला आहेत. एस. आर. सेन यांच्या नावाचे पारितोषिक उत्तम ग्रंथाला, तर डी. के. देसाई यांच्या नावाचे नियतकालिकातील उत्तम लेखाला. गौरव आधी कामाचा आणि मग माणसाचा, हा क्रम त्यात आहे.

ऐकणारा समाज म्हणजे काय, याचे उदाहरण शोधायचे तर १९१६ सालाकडे जावे लागेल. त्या वर्षी ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याच्या त्या निबंधाला सभेत मिळालेला वेळ आणि त्यानंतर मिळालेली छापील पाने हाच त्याचा खरा मान होता. शतकानंतरही तो निबंध वाचला जातो.

विद्वत्समाज एकमताने बांधला जात नाही, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचे मोजमाप मांडले. दरमाणशी दररोज २,२५० उष्मांक ही कसोटी धरून १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोकांचे उत्पन्न अपुरे होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पोषणविषयक संख्याशास्त्रातील अधिकारी पां. वा. सुखात्मे यांना सरासरी गरजेची अशी कसोटी मान्य नव्हती. एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीखालच्या प्रत्येकाला कुपोषित मानणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांनी त्याला उत्तर दिले आणि हा वाद ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर चालला. दोघांचीही कर्मभूमी पुणे. देशातील उपाशी माणसांची संख्या किती मानायची, हा त्या वादाचा विषय होता. प्रतिपक्षाचा प्रत्येक आकडा तपासून मग त्याला विरोध करणे, यापरता मोठा सन्मान एक अभ्यासक दुसऱ्याला देऊ शकत नाही. आजच्या परिषदांत विरोध जवळजवळ नाहीसा झाला आहे. सगळेच निबंध ‘अत्यंत मौलिक’ ठरतात आणि म्हणूनच कोणताही लक्षात राहत नाही.

सभागृहाबाहेरचे सभासद

समाज म्हटला की त्यात कोण आहे याबरोबरच कोण नाही हेही पाहावे लागते. महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत आज अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या शिरावर आहे. पात्रता पूर्ण केलेले, कित्येकदा विद्यावाचस्पती झालेले हे अध्यापक तासाच्या हिशेबाने मानधन घेतात. परिषदेला जायचे तर त्यांना कर्तव्य रजा नाही. जितके दिवस बाहेर तितक्या तासांचे मानधन बुडते. त्यावर नोंदणी शुल्क आणि प्रवासखर्च पदरचा. कायम सेवेतील अध्यापकाला परिषद म्हणजे सवलतीचा प्रवास आणि चार स्नेह्यांची भेट. तासिकेवरच्या अध्यापकाला ती महिन्याच्या मिळकतीला पडलेले खिंडार असते. मुलाबाळांना घरी सोडून दोन रात्री बाहेर राहणे ज्यांना अवघड, त्या अध्यापिकांची अडचण निराळी. इंग्रजीत लिहिण्याचा आग्रह धरल्याने ज्यांचे विचार अर्ध्यावर अडतात, त्या ग्रामीण विद्यार्थ्यांची आणखी निराळी. मराठी अर्थशास्त्र परिषदेने अधिवेशनाचा व्यवहार मराठीतून चालवला आणि ‘अर्थसंवाद’सारखे नियतकालिक चालवले, याचे मोल या संदर्भात ओळखले पाहिजे. व्यासपीठावर बंधुभावाची भाषणे होत असताना समाजाचा एक मोठा भाग सभागृहाबाहेर राहत असेल, तर तो उत्सव काही जणांचाच ठरतो.

करता येण्याजोगे

हे सारे बदलण्यासाठी कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागणार नाही. परिषदांच्या कार्यकारिणीने ठरवले तर येत्या हंगामापासून काही गोष्टी घडू शकतील. पुरस्कार कमी असावेत, आणि योग्य काम नसेल त्या वर्षी तो देऊ नये. तसे जाहीरही करावे. प्रत्येक पुरस्काराबरोबर त्या कामाचे पानभर विवेचन छापून सभासदांच्या हाती द्यावे, म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्याला आपण कशासाठी टाळ्या वाजवत आहोत हे कळेल. मानकऱ्याला शालीऐवजी तासभर वेळ द्यावा; त्याने आपल्या कामाविषयी बोलावे आणि सभेने त्याला प्रश्न विचारावेत. मागील वर्षी ज्यांनी लेखांचे उत्तम परीक्षण केले, ज्यांनी विद्यार्थी घडवले, ज्यांनी संघटनेची दप्तरे सांभाळली, त्यांच्यापैकी एकाचा तरी दरवर्षी नावानिशी गौरव व्हावा. सत्कारांवर होणाऱ्या खर्चातून तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे नोंदणी शुल्क माफ करावे, शक्य तर प्रवासखर्चही द्यावा.

यावर कोणी म्हणेल, समारंभाशिवाय स्थानिक संस्थाचालक आणि देणगीदार पुढे येणार नाहीत. आणि पैशाशिवाय परिषद भरणार कशी? अडचण खोटी नाही. लहान गावातील महाविद्यालयाला चारशे पाहुण्यांच्या निवासाची आणि भोजनाची सोय करावी लागते. त्यासाठी झटणाऱ्यांचे आभार मानलेच पाहिजेत. परंतु आभार आणि पुरस्कार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. देणगीदाराचे ऋण फलकावर लिहून आणि चार शब्द बोलून फेडता येते. विद्वत्तेचा गौरव मात्र विद्वत्तेचाच असावा. त्यात वाटेकरी आले की देणाऱ्याचेही समाधान होत नाही आणि घेणाऱ्याचेही.

वर्षभर एकाकीपणे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा आपल्यासारखीच धडपड करणारी माणसे भेटावीत, त्यांनी आपले काम वाचलेले असावे, त्यातील चूक प्रेमाने दाखवावी आणि जमलेल्या गोष्टीला मोकळेपणाने दाद द्यावी, यासाठी परिषदा असतात. ती दाद मिळाली तर आडगावचा अध्यापक आणखी दहा वर्षे नेटाने काम करील. पहिल्याच तक्त्यावर जिची घंटा वाजली त्या तरुण अध्यापिकेला पुढील वर्षी पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटे मिळाली, आणि प्रश्न विचारणारे दोघे-तिघे तिचा निबंध वाचून आलेले असले, तर त्या परिषदेने एक मोठा पुरस्कार दिला असे समजावे. त्याला शाल लागत नाही आणि श्रीफळही लागत नाही.